आजोबांचं कौलारू घर आणि हाताशी 8 लाख: पाडायचं की सावरायचं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आजोबांनी बांधलेलं जांभ्याचं कौलारू घर आहे. वय 80 ते 90 वर्षं, बांधकाम मातीतलं, माप साधारण 40 बाय 30 फूट. पाच-सहा वर्षं घर बंदच, फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. माजघरात गळतं, मागच्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येणारा खार) लागलाय, दोन वासे वाळवीने खाल्लेत. हिस्सेदारांनी वर्गणी काढून 8 लाख उभे केलेत. गावातला ठेकेदार सांगतो, "दुरुस्तीत पैसे घालू नका, पाडा आणि स्लॅबचं बांधा." विचारणारे डोंबिवलीत राहतात.

मी गेली बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशाच घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पाडू नका. 8 लाखांत 1200 चौरस फुटांचं नवं पक्कं घर आज उभं राहत नाही. जोतं आणि चार भिंती होतील, पैसे संपतील आणि पुढची दहा वर्षं त्या भिंतींतून वर आलेल्या सळ्या गंजत राहतील. असे सांगाडे प्रत्येक वाडीत एक-दोन दिसतील. याच पैशांत आहे ते घर कोरडं, मजबूत आणि राहण्याजोगं होऊ शकतं. अट एवढीच की पैसे पाण्याच्या मागे खर्च करायचे, दिसण्याच्या मागे नाही. पाणी वरून कुठून येतं, खालून कुठून चढतं, आणि आत शिरलेलं बाहेर कसं पडणार, एवढंच सुरुवातीला बघायचं. फरशी, रंग, फॉल्स सीलिंग हे विषय तोपर्यंत काढायचेच नाहीत.

ठेकेदाराचा मधला पर्यायही तुमच्या कानावर येईल: "भिंती ठेवू, वर फक्त स्लॅब टाकू." याला साफ नकार द्या. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं. तुमच्या घरावर ते 35 टनांच्या आसपास होईल. आज डोक्यावर जी कौलं आहेत, ती सगळी मिळून साडेसहा-सात टन. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंती सात टनांसाठी बांधल्या होत्या. शिवाय लाकडी छप्पर थोडं हलतं, वाकतं, भिंतीशी जुळवून घेतं. स्लॅब घेत नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांतच कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडायला लागतात.

आता एक रुपयाही खर्चायच्या आधीचं काम: कागद. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा नावावर आहे म्हणून घर नावावर आहे, असं गावात सर्रास धरलं जातं. तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही. तुमच्याकडे वाडीतली घरं बहुतेक गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत असतात. तेव्हा घर कुठल्या गट नंबरात उभं आहे आणि तिथे आजोबांच्या पश्चात वारस नोंदी झाल्यात का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. आत्यांना विसरू नका. आजोबांच्या हिश्शात त्या वारस आहेतच. त्यात हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. "आत्या काही मागणार नाही" हे वाक्य मी फार ऐकलंय. आत्या मागत नाही, पण तिच्या पश्चात तिची मुलं मागू शकतात, आणि तोवर तुमचे पैसे छपरात गेलेले असतात.

कुणी हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवूनच करा. साध्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. सगळे हिस्से ठेवणार असतील तर तेही ठीक, पण कोण किती देतंय, खर्च करणाऱ्याचा हिस्सा त्याने वाढतो की नाही, गणपतीत कोणाला कुठली खोली, वर्षाची देखभाल कोण भरणार, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एकाने जास्त खर्च केला म्हणून त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही, आणि भांडणं नेमकी इथेच लागतात. मी तर हा कागद पाहिल्याशिवाय काम हातात घेत नाही. अर्ध्यावर थांबलेलं काम घराला बंद घरापेक्षा वाईट. छप्पर उघडं पडलेलं असतं.

यानंतर घराची तपासणी, आणि ती जुलैत. ठेकेदार एप्रिलमध्ये येऊन बघतो. तेव्हा घर कोरडं ठणठणीत असतं आणि सगळंच अंदाजाने सांगितलं जातं. भर पावसात दोन दिवस घरात राहा. हातात बॅटरी आणि खडू. जिथे ठिबकतंय त्याच्या वरच्या वाशावर खूण करा. कौल फुटलंय तिथेच ठिबकेल असं नसतं. पाणी रीपेवरून (कौलं टेकतात ती आडवी पट्टी), वाशावरून चार-पाच फूट उतारावर चालत जातं आणि मग पडतं, म्हणून खुणेपासून वर आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे शोधत जायचं. बाहेर जाऊन पागोळ्यांचं पाणी अंगणात कुठे जातं ते बघा: जोत्यापासून लांब वाहतं की जोत्याशीच तळं करतं. भिंतीवर ओल किती उंचीपर्यंत चढलीय, तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. भेगांवरही तसंच करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खूण करून अंतर लिहून ठेवा आणि मे महिन्यात परत मोजा. वाढली नसेल तर ती जुनी, निवांत भेग आहे, चुन्याने भरून विसरा. वाढली असेल तर जोत्याखाली काहीतरी चाललंय. बहुतेक वेळा पाणी, नाहीतर पिंपळाचं मूळ.

वाशांची परीक्षा स्वतः करता येते. लाकूड मधे क्वचित सडतं, टोकांना सडतं. वासा भिंतीवर टेकतो ती जागा आणि बाहेर पागोळीकडे निघालेलं टोक, या दोन ठिकाणी पेचकस जोर लावून खुपसा. चांगल्या सागात किंवा किंजळात तो पाव इंचही जात नाही. सडलेल्यात मुठीपर्यंत जातो आणि बाहेर येताना चहाच्या चोथ्यासारखा भुगा आणतो. मग हातोडीच्या दांड्याने मधे ठोकत या. भरीव लाकडाचा आवाज कोरडा, खणखणीत येतो. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून गुळगुळीत दिसतं पण भदभद वाजतं. दोन वासे गेलेत असं तुम्ही लिहिलंय. प्रत्यक्षात सहा ते आठ निघतील, हे आत्ताच धरून चाला. पण त्यातले निम्मे पूर्ण बदलावे लागत नाहीत. सडलेलं टोक कापून शेजारी तेवढ्याच जाडीचा तुकडा दोन-तीन फूट मागे नेऊन बोल्टने जोडला की काम होतं. अनुभवी सुतार हे मुकाट्याने करतो. नवशिका "सगळं लाकूड गेलंय" म्हणतो, आणि जुना साग स्वस्तात उचलणारा गिऱ्हाईक बहुधा त्याच्या ओळखीचाच निघतो. जुनं आढं, खांब, तुळया काढल्या तरी घराच्या आवारातून बाहेर जाऊ देऊ नका. आज त्या प्रतीचं लाकूड तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाही.

छप्पर. 8 लाखांतले सगळ्यात जास्त पैसे इथे जाणार. कौलांची सगळी पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, बाहेर आलेल्या पागोळ्या धरून, तुमच्या घराला साधारण 1900 चौरस फूट भरतील. मंगलोरी कौल चौरस मीटरला 15 लागतं, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार कौलं. उतरवून परत घालताना पाचातलं एक तरी फुटतं किंवा बाद होतं. एकेक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं. टण् वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. त्याची खापरं फेकू नका, न्हाणीच्या भरावाला लागतात. नवी कौलं घेताना एक घोळ होतो: वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही. म्हणून जुनी चांगली कौलं सगळी एकत्र करून एका पाख्याला घाला, आणि नवी एकाच छापाची घेऊन दुसऱ्या पाख्याला. मधे मधे ठिगळं लावलीत तर गळणारच. तालुक्यात कुणाचं घर पाडलं जात असेल तर त्याच छापाची जुनी कौलं निम्म्या दरात मिळतात. तुमच्या कौलाच्या पाठीवरचा शिक्का बघून घ्या आणि कौलं परतणाऱ्या गड्यांना सांगून ठेवा.

पत्र्याचं काय, हा प्रश्न येणारच. गावातली निम्मी घरं आता पत्र्याखाली गेलीत, आणि त्यामागे आळस नाही. वानरं आहेत. टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटतात आणि बंद घरात ते कळतं थेट गणपतीत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कौलं उडाली, तेव्हा घाईने पत्रे चढले तेही समजू शकतो. पण नुसता पत्रा म्हणजे मे महिन्यात भट्टी, जुलैत ताशा, आणि वादळात नीट न बांधलेला पत्रा कौलापेक्षा लांब उडतो. माझा कल असा: घर वर्षातून फार तर महिनाभर उघडणार असेल आणि वानरांचा त्रास खरोखर असेल, तर कौलांच्या खाली पत्रा घ्या. वाशांवर पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने पट्ट्या, त्यांवर आडव्या रीपा आणि मग कौल. उतारातल्या पट्ट्या गाळून रीप थेट पत्र्यावर ठोकली तर फुटक्या कौलातून आलेलं पाणी रीपेशी अडतं आणि रीप दोन वर्षांत कुजते. एवढा खर्च झेपत नसेल तर माजघर, देवघर आणि कोठीची खोली एवढ्यावरच पत्रा घाला, पडवीवर नुसती कौलं. पडवीत चार थेंब पडले तर काही बिघडत नाही. वादळासाठी आढ्यावरची, कडेची आणि पागोळीकडच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधून घ्या. बऱ्याच कौलांच्या पोटाला त्यासाठी भोक असतंच, गडी ते कंटाळा करून सोडतात. आणि माजघरावर दोन-तीन काचेची कौलं टाका. दिवसा दिवा लावावा लागणार नाही, आणि उजेड असला की वाळवीची वाट लवकर नजरेला पडते.

आता खालचं पाणी. मागच्या भिंतीला लोणा लागलाय, आणि कुणीतरी तिला खालून तीन-चार फूट सिमेंटचा गिलावा केलेला असणार. दहातल्या आठ घरांत तेच निघतं. जांभा पाणी पितो, तो त्याचा स्वभाव आहे, आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ते पाणी उन्हाळ्यात उडून जातं. सिमेंटने तोंड बांधलं की पाणी गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढतं आणि तिथे क्षार घेऊन बाहेर पडतं. पांढरी मिठासारखी पूड, सुटणारे पापुद्रे. त्यावर वॉटरप्रूफ रंग म्हणजे आणखी एक झाकण. सिमेंट काढून टाका. आधी बाहेरची बाजू बघा: घराच्या मागे वर्षानुवर्षं पालापाचोळा, शेणमाती, डोंगरावरून वाहून आलेली माती साचून अंगण जोत्याच्या वर चढलेलं असतं. कधी कधी बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा फूटभर उंच सापडते. ती माती उकरून जोत्याचा चिरा उघडा करा, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर डोंगराकडून येणारं पाणी वळवायला चर खणा, पागोळ्यांखाली बाहेर उतार देऊन चिऱ्यांची किंवा खडीची पट्टी करा. याला मजुरी सोडून जवळजवळ काही लागत नाही, आणि ओलीवर माझ्या माहितीतला सगळ्यात स्वस्त इलाज हाच आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवा. सुकली की चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) खरवडून चुन्याने भरा.

चुन्याचं काम करणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत. एक भाग विझवलेल्या चुन्याचा लगदा, तीन भाग वाळू, एवढं साधं माप. चुनकळी (भाजलेला, न विझवलेला चुना) विझवून लगदा निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरला पाहिजे. विझवताना ती उकळते आणि उडते, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवा आणि पोरंटोरं लांब. सगळ्या घराला चुन्याचा गिलावा तुमच्या पैशांत बसणार नाही, गरजही नाही. ओलीच्या भिंतींना खालचे चार फूट करा. बाकीचा चिरा चांगला असेल तर दरजा भरून उघडाच राहू द्या, पण त्यावर चकाकणारं पॉलिश मारू नका. आतून चुन्याची सफेदी, डिंक घालून.

आतल्या जमिनीलाही हाच न्याय. सारवणाची जमीन आजच्या मुलाबाळांना नको असते, कबूल. पण सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल लावलीत तर खालची ओल भिंतींकडे सरकते आणि कोरडी असलेली आतली भिंत ओली व्हायला लागते. शहाबादी फरशी चुन्यात बसवा, दरजाही चुन्याच्याच. टाइल फक्त न्हाणीत आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे.

वाळवीबद्दल थोडक्यात. जमीन आणि भिंत मिळते तिथे आतून फूटभर अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. ते काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि विहिरीकडच्या बाजूला औषध सोडू देऊ नका. तुमच्या परसातली विहीर अजून पिण्याची असेल. नव्या-जुन्या लाकडाला कौलं उतरवलेली असतानाच बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी दोन हात द्या, नंतर तिथे हात पोचत नाही. आणि माळ्यावरची जुनी लाकडं, पुठ्ठे, कामट्या, पोती बाहेर काढा. वाळवीचं कोठार तेच असतं.

संडास-न्हाणी घराच्या आत आणू नका. मातीतल्या भिंतीला रोजचं पाणी सोसत नाही. मागच्या पडवीच्या टोकाला, स्वतंत्र पायावर, घरापासून हातभर सुटी खोली बांधा आणि मधे छप्पर जोडून घ्या. म्हातारी माणसं पावसात भिजायला नकोत. शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागू आहे.

वीज पूर्ण नवी. लाकडी पट्टीवरच्या जुन्या रबरी वायरींना अर्थिंग नसतं, आणि वाळक्या लाकडाच्या घरात ती जोखीम घेऊ नये. चिऱ्यात खाचा मारून पाइप पुरायचे नाहीत, भिंत दुबळी होते. वरूनच पाइप न्या, दिसले तर दिसू देत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. दिव्यांना दीड, पाणी तापवण्याच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची वायर. मीटर अजून आजोबांच्या नावाने असेल तर महावितरणकडे नाव बदलून घ्या.

पैशांची वाटणी मी अशी करीन: छपराला साडेतीन लाख, चर-जोतं-भिंती मिळून सव्वा लाख, न्हाणी-संडास आणि खड्डा सव्वा लाख, वीज 60 हजार, जमीन आणि सफेदी 60 हजार. उरलेले 80 हजार हात न लावता ठेवायचे. छप्पर उघडल्यावर काय निघेल ते कुणीच आधी सांगू शकत नाही. तुमच्या घरापर्यंत गाडी जात नसेल, म्हणजे वाळू, कौलं, फरशी पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांची वाट) डोक्यावर न्यावी लागणार असेल, तर हा आकडा बिघडतो. तेव्हा फरशी पुढच्या वर्षावर टाका, छपराला कात्री लावू नका.

ठेका द्यायचा तर मजुरीचा द्या, साहित्य स्वतः घ्या. एकरकमी ठेक्यात चुन्याच्या जागी सिमेंट आणि सागाच्या जागी मिळेल ते लाकूड येतं, आणि डोंबिवलीत बसून ते कळत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि जे झाकलं जाणार आहे, म्हणजे वाशांचे जोड, पत्र्यावरच्या पट्ट्या, वायरींचे जोड, खड्ड्याचा तळ, त्याचे फोटो झाकण्याआधी मागवा. गावात रोज एक फेरी मारणारा विश्वासाचा माणूस हवा. भाऊबंदांपैकी असेल तर त्याला पैशांच्या व्यवहारात घालू नका, फक्त बघायला सांगा.

वेळेचं गणित कोकणात पैशांच्या गणितापेक्षा अवघड. मार्चपासून गडी आंब्याला जातात, त्यात शिमगा, मेमध्ये लग्नं, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात. छपराचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच झालं पाहिजे. एका वेळी एकच पाखं उघडायचं, आणि तरीही ताडपत्री हाताशी ठेवायची. म्हणजे यंदाच्या जुलैत तपासणी करून खुणा मारा, त्याच फेरीत चर खणून घ्या, आणि गणपतीला सगळे हिस्सेदार गावी जमतील तेव्हा कागदावर सह्या. सुतारालाही त्याच सुट्टीत गाठून डिसेंबरची तारीख पक्की करा आणि थोडी उचल द्या. दिवाळीनंतर विचारलंत तर तो पुढच्या वर्षाचं बोलेल.